शत्रूला सांगावं तसं

ठाण्यात कोपरीच्या आमच्या चाळीत कुणाच्या डोक्यात काही नवं आलं, की तो आधी दुर्गाकाकूंच्या दारात जाई. काकू हातातलं काम सोडून समोर बसत आणि बजावत, "मला आपली समजू नकोस. शत्रूला सांगावं तसं सांग. कौतुकाला घरची माणसं आहेत." सल्ला त्या देत नसत, फक्त विचारत. खानावळ काढायला निघालेल्या जोशांना त्यांनी एवढंच विचारलं, "रांधणारीला विचारलंत का?" खानावळीचा विषय तिथेच मिटला.

मी त्या चाळीत नवी सून. मला लहान मुलांचा वर्ग काढायचा होता. घरात कुणी नाही म्हणत नव्हतं, पण हो म्हणायलाही कुणी तयार नव्हतं. एका दुपारी काकूंपुढे मी सगळं घडाघडा बोलून टाकलं.

"पोरं रडायला लागली तर?"

"समजूत घालीन."

"मग घाल. मी रडते."

आणि पन्नाशीच्या काकूंनी खरंच भोकाड पसरलं! अख्खी चाळ गोळा झाली. मी गोष्ट सांगितली, गाणं म्हटलं, दटावलंसुद्धा; रडणं थांबेना. शेवटी हरून मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले आणि नुसता हात धरला. काकू हळूहळू शांत झाल्या.

"हां," पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आता काढ वर्ग."

डोळे खरेच ओले होते. त्यांची एकुलती एक मुलगी लहानपणीच गेली होती, हे सासूबाईंनी मला नंतर सांगितलं.

वर्ग निघाला, रुळला. पुढे काकू थकल्या आणि त्यांचा भाऊ त्यांना चिपळूणकडे गावी घेऊन गेला. डोंबिवलीत दुसरा वर्ग काढायचं मनात आलं, तेव्हा मी मुद्दाम त्या गावी गेले. काकू ओटीवर बसल्या होत्या. मी सगळा बेत मांडला. त्या मन लावून ऐकत होत्या. बोलून झाल्यावर मी प्रश्नाची वाट पाहत राहिले.

"तू कुणाची गं?" त्यांनी विचारलं.

"मी सुमन, काकू. ठाण्याची."

"लांबून आलीस," त्या परक्या पाहुणीशी बोलावं तशा म्हणाल्या. "जेवून जा हो."

मी जेवले.

डोंबिवलीचा वर्ग निघाला, चांगला चाललाही. पहिल्या दिवशी आलेल्या सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. प्रश्न एकानेही विचारला नाही.