खिडकीखालचा सबवूफर

आधीच सांगतो, करणी, चकवा, हडळ... यातलं मी काहीही मानत नाही. 'घरात कसलेतरी आवाज येतात' असं कोणी म्हणालं की मी आधी सैल पत्रा शोधतो, आणि बहुतेक वेळा तो सापडतोच! आवाज हाच माझा धंदा. पेणला दुकान आहे, होम थिएटर बसवून देतो. वडखळच्या पुढे अलिबाग रोडला बंगले झालेत ना, त्यातल्या कितीतरी बंगल्यांची तावदानं माझ्याच बेसने थरथरतात. तरी हे लिहितोय, कारण दोन वर्षं डोकं खाजवून झालं.

रोह्याच्या दळवीकाकांनी मला बोलावलं. कंपनीतून रिटायर झालेले. आयुष्यभर कॉम्प्रेसरच्या खोलीत ड्युटी केल्यामुळे उजवा कान गेलेला आणि डावा जायच्या वाटेवर. अशा माणसाला म्युझिक रूम कशाला, असं माझ्या मनात आलंच. पण त्यांना एकच गोष्ट ऐकायची होती. त्यांचा धाकटा भाऊ बाळू भजनात पखवाज वाजवायचा. तो वारला. देवळातल्या भजनाची एक जुनी कॅसेट तेवढी मागे राहिली होती, ती काकांनी पेन ड्राइव्हवर करून आणली होती.

"टाळ ऐकू येत नाय आता, शब्द पन कळत नाय. जाड आवाज तेवढा कळतो," काका म्हणाले. "डावा कान हाय तोवर बाळूची धुम ऐकव मला."

धुम म्हणजे पखवाजाची डावी बाजू. वाजवायच्या आधी तिला ओली कणीक थापतात, तेव्हा कुठे तो खोल आवाज घुमतो.

मग काका म्हणाले, "एकदा नाइट शिफ्ट करून झोपलो होतो. हा रियाजाला बसला. उठून वराडलो त्याच्यावर, बंद कर ती धडधड! तेव्हापासून त्यानं घरात पखवाज काढला नाय. मरेपर्यंत नाय."

मी म्हटलं, काका, बेस माझ्यावर सोडा.

सबवूफरची, म्हणजे बेसचा जाड आवाज काढणाऱ्या स्पीकरची, जागा ठरवायची आमची एक पद्धत आहे. सब ठेवायचा ऐकणाऱ्याच्या खुर्चीत, गाणं लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेने रांगत फिरायचं. जिथे बेस सगळ्यात भरीव लागेल, तीच सबची जागा. नेहमी मी माझं टेस्टचं गाणं लावतो, पण काका हट्टाला पेटले... बाळूच्याच भजनावर जागा ठरव. मीही ऐकलं. इथेच माझी चूक झाली.

सकाळचे अकरा वाजले होते. काकांची खुर्ची सबने अडवली म्हणून ते फरशीवर हात टेकून बसले. मी रांगायला लागलो. माझं सुटलेलं पोट बघून काकू तोंडाला पदर लावून हसत आत गेल्या. दाराचा कोपरा झाला, कपाटाची बाजू झाली... काहीच नाही. नुसते टाळ. आणि खिडकीखाली पोचलो तर — धुम! छातीत भरला आवाज. फरशीतून तळव्यात आला.

"सापडली!" मी ओरडलो. त्याच क्षणी काकांनीही हात वर केला. "आली! आली रे!"

तेवढ्यात काकू वाटी घेऊन बाहेर आल्या. वाटीत मळलेली कणीक.

"घे रे. तुझ्या मशीनला लागते काय ही?"

"मी कुठे मागितली, काकू?"

"अरे, आत्ता हाक मारलीस ना? वैनी, कणीक द्या म्हणून..."

मी त्यांना काकू म्हणतो. वैनी म्हणणारा त्या घरात एकच होता.

काकांना आमचं बोलणं ऐकू गेलं नसावं, पण वाटी दिसली. ते खिडकीकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र खणखणीत होता. "वाजव रे बाळू. मी झोपलेलो नाय."

भजन संपेपर्यंत ती धुम वाजत होती.

नंतर वायर काढायला वाकलो. सबचा दिवा लाल होता. म्हणजे सब झोपलेलाच. बेसचा सिग्नल मिळाला तरच तो जागा होतो आणि दिवा हिरवा होतो, मग गाणं संपल्यावरही दहा-पंधरा मिनिटं हिरवाच राहतो. माझं टेस्टचं गाणं लावलं तर लगेच हिरवा! पण त्या गाण्यावर उत्तम जागा निघाली दाराच्या कोपऱ्यात. खिडकीखाली बेस अगदी फुसका. पेणला येऊन रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर तपासलं. कॅसेटवर जाड आवाज उतरलेलाच नाही. एकही धुम नाही.

काकांनी सब खिडकीखालीच ठेवून घेतला. "बाळू हितंच बसायचा," म्हणाले. माझ्या सगळ्या कामांत एवढी चुकीची जागा दुसरी नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. हाक कोणी मारली आणि धुम कुठून आली, ते मात्र मला सांगता येत नाही.

आता काकांचा डावा कानही गेलाय. तरी रोज सकाळी भजन लावून फरशीवर हात टेकतात, आणि 'आली' म्हणतात. दिवा लाल असतो हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.