बॅटरीवरचं हळदीकुंकू

आमच्याकडे खंडेनवमीला गाडीची पूजा नुसत्या हार-नारळावर भागत नाही. आई बॉनेट उघडायला लावते आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांना ओल्या बोटानं हळदीकुंकू लावते. गाडीचा जीव तिथं असतो, हे तिचं म्हणणं. आणि ते पुसायचं नसतं. बाबा दर रविवारी गाडी लखलखीत धुतात, पण बॅटरीला हात लावत नाहीत.

यंदा गाडी दोनदा अडली. मी बाबांना बजावलं, आता आणखी एकदा अडली की विकायची. मी घरातला शहाणा मुलगा, त्यामुळे वाद कुणी घातला नाही. खरं तर ही गाडी म्हणजे बाबांची, एका निवृत्त कारकुनाची, तेवढीच ऐट उरलेली. तरी त्यांनी नुसती मान डोलावली.

आत्याला भेटायला वैजापूरला निघायचं त्या सकाळी त्यांनी किल्ली फिरवली, तर नुसतं टकटक. बाबांचा चेहरा उतरला. मी तणतणत बॉनेट उघडलं. हळदीच्या थराखाली पांढरट-हिरवा क्षार फुगून बसला होता, शिळ्या भाकरीवरच्या बुरशीसारखा.

"बाबा, हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं ना, लई दिवसांपासून," ते हळूच म्हणाले. "पण तुझ्या आईनं लावलेलं. पुसू कसं?"

आई दारातच उभी होती. तशीच वळून आत गेली. झालं, आता दिवसभर अबोला, असं मला वाटलं. तर बाई गरम पाण्यात खायचा सोडा कालवून आणि जुना टूथब्रश घेऊन हजर!

"नमस्कार करा अन् घासा की. देव काय गाडी बंद ठेवा म्हणतो व्हय?"

मी तारा सोडवल्या, आधी काळी, मग लाल. सोडा पडताच फसफसून फेस आला. घासलं, धुतलं, कोरडं पुसलं, तारा आवळल्या, वरून ग्रीस लावलं. पहिल्याच किल्लीला गाडी सुरू. आईनं कुंकवाचं बोट या खेपेला बॉनेटला लावलं.

वाटभर बाबा खुशीत होते. मी मागं बसून आईनं दिलेल्या शेंगा खात होतो. मजेत चाललं होतं सगळं.

आत्याच्या दारात आई उतरली, आत्या बाहेर आली, तरी बाबा इंजिन बंद करेनात. हात किल्लीवर, नजर समोर. परत सुरू झाली नाही तर? ही धास्ती मीच त्यांना लावली होती. मला माझीच लाज वाटली.

"करा बंद, बाबा," मी म्हणालो. "नाही झाली सुरू, तर परत घासू. गाडी विकायची नाही."

त्यांनी आरशातून माझ्याकडे नीट पाहून घेतलं, मग किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.