झळ न लागलेले पाय

सासरच्या गावाहून, कड्याहून, फोन आला तेव्हा मी पीठ मळत होते. "काकू, आई गेली," पुतण्या म्हणाला आणि लगेच पुढं, "देवीनं नेलं तिला." माझं डोकंच फिरलं. देवीच्या नावावर कावून ढकलता रे? माझ्या थोरल्या जावेला, कौसाअक्काला, पायाच्या जखमेनं नेलं. आणि ती जखम अख्ख्या गावानं पुजली होती!

दोनेक वर्षांपूर्वी अक्काच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या, मग ते बधिरच झाले. काटा मोडला तरी बाईला पत्ता नसायचा. मुंग्या माझ्याही पायांना येतात, मला शुगर आहे. मग काय, सगळ्यांनी तिलाही शुगर लावून टाकली. कारल्याचा रस पाजला, गूळ तोडला. तपासली तर शुगरचं नाव नाही! मग म्हणे, उसाच्या मोळ्या वाहून कंबरेतली नस दबली. झालं, मलमं सुरू. शेवटी मी भांडून तिला बीडला नेलं. रक्त तपासल्यावर कळलं, अंगात बी-बारा जीवनसत्त्वच उरलं नव्हतं. गळ्यात माळ, त्यामुळं मटण-अंडी वर्ज्य. आणि दारात दोन म्हशी असून दुधाचा थेंब न थेंब डेअरीला. दुखणं दोघींचं सारखं दिसायचं, पण माझ्या नसा साखरेनं खाल्ल्या, तिच्या उपासमारीनं... डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि बजावलं, "नसांना वेळ लागतो. तोवर अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही."

आणि आलं नवरात्र. मी तिथं नव्हते, हे सगळं मला मागाहून कळलं. आमच्याकडं बायका नऊ दिवस अनवाणी राहतात. भर दुपारी डांबरी रस्त्यानं सगळ्या डोंगरावरच्या देवीला निघाल्या. बाकीच्या "आई गं" करत कडेच्या गवतावर पळतायत, अक्का आपली मधोमध शांत चालतेय. "देवीनं हिला झळ लागू दिली न्हाई!" कुणीतरी ओरडलं, आणि बायका तिथंच तिच्या पाया पडल्या. मग रोज तेच, अक्का पुढं आणि बाकीच्या मागं. आजारालाच हात जोडत होत्या, आणि सुना-लेकांना माहीत असून एकानं अडवलं नाही. घराचा मान वाढत होता ना!

दसऱ्याला मी गेले. तळपायांवर हळदकुंकवाचा थर, त्याखाली फुटलेले फोड आणि पू. "आगं अक्का, डॉक्टरनं काय सांगितलं होतं तुला?" मी किंचाळलेच.

ती हसली. "समदं ठावं हाय गं सुमन. पर या घरात येऊन लई वर्सं झाली... पयल्यांदाच कुनी माज्या पाया पडलं."

दवाखान्यात नेलं, पण विष अंगात भिनलं होतं.

तेराव्याला तिच्या खोलीत गेले. कोनाड्यात मऊ तळव्याच्या चपला होत्या, डॉक्टरांनी घ्यायला लावलेल्या, किमतीची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती. सून म्हणाली, "ह्या देवळात ठिवायच्यात, काकू. बायका दर्शन मागतात."

मी त्या खाली टाकल्या आणि पायात घातल्या.

"आवो, मेलेल्या मान्साच्या घालू नयेत!"

"जित्या माणसाला घालू दिल्या न्हाईत तुम्ही," मी म्हणाले आणि त्याच घालून एसटी स्टँडपर्यंत चालत गेले.