मालनचा खिडकीतला समुद्र

काल मालनच्या दहाव्याला तिच्या सासूबाई माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, म्या तिची जित्राबं मारली हुती."

म्हणून हे लिहितेय. एरवी मला फेसबुकवर रडायची सवय नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघी कोपरगावला एकाच कॉलेजात शिकवायचो. ती मायक्रोबायोलॉजी, मी केमिस्ट्री.

तिच्या एम.फिल.चा विषय होता समुद्रातले हिरवे सूक्ष्मजीव. युरेनियमसारखे किरणोत्सारी धातू पाण्यातून ओढून धरणारे.

आणि बाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता!

गाईडने त्या जीवांचा एकच फ्लास्क दिला होता. "हा गेला तर दुसरा मिळणार नाही."

मालन क्षार घालून समुद्राचं पाणी करायची. दुपारी फ्लास्क उन्हात धरला की भिंतीवर हिरवा उजेड हलायचा.
बाहेर ऊस. आत लाटा.
आम्ही बघत राहायचो. बेल ऐकूच यायची नाही. मलासुद्धा.

दिवाळीत कॉलेज बंद, म्हणून तिने फ्लास्क घरी नेऊन खिडकीत ठेवला.

पाडव्याला सासूबाईंनी घरातलं शिळं पाणी ओतून ताजं भरलं. हंडा, कळशी... आणि फ्लास्कही.
"लई शेवाळलं हुतं गं. चांगलं गोडं पानी भरलं."

गोड्या पाण्यात ते जीव जगत नाहीत. तळाशी उरलेलं हिरवं फिकट पडलं.

मी म्हणाले, "गेलं तुझं एम.फिल."
मालन म्हणाली, "थांब. मेलेत, पण आहेत ना?"

या पेशींवर चिकट आवरण असतं. धातू त्याला चिकटतो. त्यासाठी पेशी जिवंत असावीच लागते असं नाही.

मेलेल्या पेशी वाळवल्या. माझ्या लॅबमधल्या युरेनियमच्या क्षाराच्या पाण्यात ढवळल्या, गाळल्या. आधी त्या पाण्यात युरेनियम ओळखायचं माझं रसायन टाकलं की ते गडद तपकिरी व्हायचं.
आता जवळजवळ नितळ.

युरेनियम नाहीसं झालं नव्हतं. पाणी सोडून त्या मेलेल्या पेशींच्या अंगाला लागलं होतं.

मालन हळूच म्हणाली, "मेल्यावरही सोडत नाहीत गं."

प्रबंधात तोच भाग सगळ्यांत उजवा ठरला.

घरी जाऊन तिने सासूबाईंना सांगितलं, "बरं झालं आई, तुम्ही पाणी बदललंत."
त्यांना वाटलं, सून समजूत काढतेय. इतकी वर्षं तेच वाटत राहिलं.

आई, ती समजूत नव्हती. निकाल होता.

आज त्यांच्याकडे जाऊन हेच सांगितलं.
"खरं सांगतीस?"
"मी कधी गोड बोलते का, आई?"
"न्हाई," त्या म्हणाल्या. मग हसल्या.

मालन, तेव्हाच्या उरलेल्या कोरड्या पेशींची छोटी बाटली माझ्याकडे होती. युरेनियम न लागलेली, बूच घट्ट.
आज आईंच्या हाती दिली. त्यांनी ती खिडकीत ठेवली.