शेवाळात मोकळी ठेवलेली ओळ

२०१६ साली मी अल्बनी या ऑकलंडच्या उपनगरातून बसने शहरात ऑफिसला जायचे. उतरल्यावर जुन्या दफनभूमीतून जवळची वाट होती. तिथे एक म्हातारा बादली आणि ब्रश घेऊन एकाच थडग्यापाशी बसलेला असायचा. कितीही थंडी असो, पायांत जँडल्सच, म्हणजे इथल्या रबरी चपला. मी दिसले की ब्रश उंचावून "किया ओरा" असा माओरी नमस्कार करायचा.

थडगं त्याच्या पणजोबांचं. ते आयर्लंडहून आले, बंदरावर चहा आणि मेणबत्त्या विकता विकता बडे व्यापारी झाले, मग निवडून येऊन वसाहतीच्या कायदेमंडळात बसले. दगडावर हे सगळं कोरलं होतं, पण म्हाताऱ्याने त्यावर खुशाल शेवाळ वाढू दिलं होतं. घासायचा तो एकच ओळ, आयर्लंडमधल्या गावाच्या नावाची.

एकदा न राहवून मी विचारलं, "एवढीच का?"

"बाकीचं त्यांनी इथे मिळवलं," तो म्हणाला. "हे सोडून आले. तुमचं गाव कुठलं?"

"मुंबईजवळ." इथे मी सगळ्यांना हेच सांगते.

"जवळ नको. गाव सांगा."

दुसऱ्या दिवशी मी इथल्या नागरिकत्वाची शपथ घेणार होते. झाडांतलं धुकं हळूहळू विरत होतं.

"उंब्रज," मी म्हणाले. स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

त्याने ब्रश बादलीत बुडवला आणि शेजारच्या कोऱ्या फरशीवर पाण्याने ते नाव लिहिलं. ते वाळून जाईपर्यंत आम्ही दोघं बघत बसलो.