बॅट टेकव!

मायदेशी परतण्यासाठी दोह्यातलं घर आवरताना कपाटातून आमच्या लेकीचा, मुक्ताचा लहानपणीचा बेसबॉलचा ग्लोव्ह निघाला. चामड्याच्या वासासरशी मुलांच्या लीगचं ते वाळूचं मैदान डोळ्यांसमोर उभं राहिलं. आता तिथे पार्किंग आहे.

तिथल्या पहिल्या सामन्यात मुक्ताचा पहिलाच फटका जोरात बसला आणि ती बॅट घेऊनच धावली. आमचे हे कुंपणाबाहेरून ओरडले, “बॅट टेकव!” तिने क्रिकेटसारखी बॅट लांब करून बेसच्या चौकोनी गादीला टेकवली. तेवढ्यात चेंडू बेसवरच्या मुलाच्या हातात आला. आउट!

“बाबा, फूट! इथे फूट टच करायचा असतो!” ती रडवेली होऊन म्हणाली.

तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं. आज परतीची खोकी भरताना वाटतंय, या देशात इतकी वर्षं आम्हीही लांबून बॅटच टेकवत राहिलो. पाय टेकवलाच नाही.