उसवलेले थेंब

बायको नातीच्या बारशासाठी दुपट्यावर निळ्या दोऱ्याने पावसाचे थेंब भरत होती. वर टोक, खाली पोट. मी पेपर बाजूला ठेवला आणि कुणी विचारलं नसताना म्हणालो, "असा नसतो गं पावसाचा थेंब. छोटा असला तर चक्क गोल, कारण पाणी स्वतःला चहूबाजूंनी आवळून धरतं. मोठा झाला की खालून हवा रेटते, मग तो बुडाशी चपटा होतो, पावासारखा. आणखी वाढला की फुटतो."

"मग काय, नातीच्या दुपट्यावर पाव भरू?" ती हसली. मी हसलो नाही. थोड्या वेळाने बघतो तर ती कात्री घेऊन एकेक थेंब उसवत होती.

दुपारी एक सर येऊन गेली. गॅलरीतल्या कपड्यांच्या तारेवर थेंब लोंबत होते. एक जड होऊन ताणला गेला, वर निमुळता, खाली पोट. क्षणभर तसाच तारेला धरून राहिला आणि सुटला. सुटल्यावर झाला असेल गोल, माझ्या म्हणण्याप्रमाणे. पण तार सोडत नाही तोवर थेंब अगदी तिने भरला होता तसाच असतो. ती रोज या तारेपाशी उभी राहते. मी आभाळातलं सांगत बसलो.

आत जाऊन म्हणालो, "अगं, तुझे थेंब बरोबर होते."

"असू द्या हो," ती म्हणाली.

घडी घातलेलं दुपटं मी उलगडलं. दोरा निघाला होता, सुईची भोकं मात्र राहिली होती. वर टोक, खाली पोट.